सी प्रोग्रामसाठी मेकफाइल: पायरीपायरीने, आणि कुठे चुकतं तेही

मेकफाइल चालत नाही म्हणून कोणी मदतीला बोलावलं, की त्या फाइलमध्ये मला बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. जीसीसी या सी कंपायलरच्या चार कमांड एकाखाली एक लिहिलेल्या असतात आणि वर एक नाव दिलेलं असतं. फाइलचं नाव मेकफाइल असलं तरी आत शेल स्क्रिप्ट असते. ती चालतेही, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण ती चुकीची चालते हे कळायला महिना जातो.

मेक म्हणजे मेकफाइल वाचून प्रोग्राम बांधणारा प्रोग्राम. त्याला कामांचा क्रम सांगायचा नसतो. कोणती फाइल कशापासून बनते एवढंच सांगायचं असतं, क्रम तो स्वतः लावतो. तुम्ही सांगितलेलं अपुरं असेल तर तो तक्रार करत नाही. अपुऱ्या माहितीवर मुकाट्याने अर्धवट प्रोग्राम बांधून देतो. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ पायरी ५ वर घालवणार आहे. घाईत असाल तर बाकीच्या पायऱ्या चाळा, पण ती सोडू नका.

वाचण्याआधी एक सूचना. इथे कमांड, फाइलींची नावं आणि मेकफाइलच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन अक्षरांतच करायच्या, लहान लिपीत. जिथे मोठी लिपी लागते तिथे तसं सांगितलं आहे. चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच टाइप करायची. ओळीच्या सुरुवातीला [टॅब] असं दिसेल तिथे कीबोर्डवरची टॅबची कळ एकदा दाबायची.

## १. तयारी

उदाहरणाला एक छोटा प्रोग्राम घेऊ. महिला बचत गटाच्या सभासदांची जमा आणि तिच्यावरचं चक्रवाढ व्याज काढणारा. त्याच्या पाच फाइली:

- मेन.सी: यात मुख्य फंक्शन आणि २० सभासदांचा अ‍ॅरे
- सभासद.सी आणि सभासद.एच: सभासदांची माहिती वाचणं, छापणं
- व्याज.सी आणि व्याज.एच: व्याजाचा हिशेब, ज्यात गणिताच्या लायब्ररीतलं पाव हे घात काढणारं फंक्शन वापरलं आहे

मेन.सी दोन्ही हेडर (म्हणजे .एच फाइली) घेते. सभासद.सी फक्त सभासद.एच घेते आणि व्याज.सी फक्त व्याज.एच. हे कागदावर लिहून ठेवा. अक्षरशः कागदावर. कोणती सी फाइल कोणते हेडर घेते हा तक्ता पुढे तपासणीला लागणार आहे.

उबुंटूवर कंपायलर आणि मेक दोन्ही एकदम हवे असतील तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल' पुरे. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) घेऊन त्यात हेच करा, सर्वांत कमी डोकेदुखी तिथे आहे. मॅकवर एक्सकोडच्या कमांड लाइन टूल्ससोबत मेक येतो, पण तो ३.८१ ही जुनी आवृत्ती असते. त्यामुळे कुठे फरक पडतो ते शेवटी येईल.

तपासा: 'जीसीसी --व्हर्जन' आणि 'मेक --व्हर्जन' दोन्ही उत्तर देतात ना? एक जरी 'कमांड नॉट फाउंड' म्हणाला तर इथेच थांबा.

## २. आधी हाताने बांधा

जे हाताने बांधता येत नाही ते मेकही बांधणार नाही. म्हणून एकदा या चार ओळी स्वतः चालवा:

    जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी मेन.सी
    जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी सभासद.सी
    जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी व्याज.सी
    जीसीसी मेन.ओ सभासद.ओ व्याज.ओ -ओ बचत -एलएम

(-डब्ल्यूऑलमधलं पहिलं अक्षर मोठं, पुढचं 'ऑल' लहान.)

पहिल्या तीन ओळींत -सी आहे. त्याचा अर्थ फक्त कंपाइल कर, लिंक करू नकोस. प्रत्येक ओळीतून एकेक ऑब्जेक्ट फाइल निघते, तिच्या नावाला शेवटी .ओ असतं. चौथ्या ओळीत त्या तिन्ही फाइली आणि गणिताची लायब्ररी जोडली जाते. हे जोडणं म्हणजे लिंकिंग.

हा फरक का महत्त्वाचा? कारण एरर आली की ती कुठल्या टप्प्यातली आहे हे आधी ओळखावं लागतं. फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक देऊन सेमिकोलन राहिल्याची किंवा टाइप जुळत नसल्याची तक्रार आली तर ती कंपायलरची. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' किंवा 'मल्टिपल डेफिनिशन' आलं, आणि खाली 'कलेक्ट२' ने सुरू होणारी ओळ दिसली, तर कंपाइल सुखरूप झालंय आणि अडलंय ते लिंकरपाशी. लिंकरची एरर आली असताना सी फाइलमधली ती ओळ खाली-वर करण्यात लोक तासन्‌तास घालवतात. ती ओळ बरोबरच असते. जोडायची एखादी फाइल किंवा लायब्ररी राहिलेली असते.

तपासा: चारही ओळी एकही वॉर्निंग न देता चालल्या पाहिजेत. वॉर्निंग असेल तर ती आत्ता काढा. मेकमध्ये बदललेलीच फाइल पुन्हा कंपाइल होते, त्यामुळे जुन्या फाइलीतली वॉर्निंग एकदा दिसून गेली की पुन्हा दिसत नाही आणि विसरली जाते.

## ३. पहिली मेकफाइल

आता त्याच फोल्डरमध्ये मेकफाइल नावाची फाइल करा. पहिलं एम मोठं, शेवटी कुठलंही एक्स्टेन्शन नाही. विंडोजचं नोटपॅड गुपचूप शेवटी .टीएक्सटी लावतं आणि मग मेक म्हणतो की मेकफाइलच सापडली नाही.

मेकफाइलमधल्या प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात, आणि ते पाककृतीसारखे लक्षात ठेवले की विसरत नाहीत. आधी पदार्थाचं नाव, मग साहित्य, मग कृती. विसर्गासारखी ती दोन टिंबं पदार्थ आणि साहित्य वेगळं करतात, आणि कृती खालच्या ओळीवर, टॅब देऊन.

    बचत: मेन.ओ सभासद.ओ व्याज.ओ
    [टॅब]जीसीसी मेन.ओ सभासद.ओ व्याज.ओ -ओ बचत -एलएम

    मेन.ओ: मेन.सी सभासद.एच व्याज.एच
    [टॅब]जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी मेन.सी

    सभासद.ओ: सभासद.सी सभासद.एच
    [टॅब]जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी सभासद.सी

    व्याज.ओ: व्याज.सी व्याज.एच
    [टॅब]जीसीसी -डब्ल्यूऑल -जी -सी व्याज.सी

नुसतं 'मेक' म्हटलं की फाइलमधला पहिला पदार्थ बनतो. म्हणून अंतिम प्रोग्राम सगळ्यात वर. त्याखालचे नियम कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात.

मेक प्रत्येक पदार्थासाठी दोनच प्रश्न विचारतो. ही फाइल आहे का? असल्यास, तिच्या साहित्यातली एखादी फाइल तिच्यापेक्षा नवी आहे का? फाइल नसेल, किंवा साहित्य तिच्यापेक्षा नवं असेल, तर कृती चालवायची, नाहीतर सोडून द्यायची. नवं-जुनं ठरतं ते फाइल शेवटी कधी बदलली त्या वेळेवरून. आत काय बदललं हे तो पाहतही नाही.

सावधान, टॅब. कृतीच्या ओळीची सुरुवात टॅबनेच झाली पाहिजे. आठ स्पेस दिसायला तशाच दिसतात, पण मेकला चालत नाहीत. 'मिसिंग सेपरेटर' ही एरर आली की नव्वद टक्के कारण हेच समजा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली किंवा पीडीएफमधून उचललेली मेकफाइल पेस्ट केली की टॅब हमखास हरवतात.

डोळ्यांनी शोधत बसू नका. 'कॅट -ए मेकफाइल' चालवा (ए मोठा, मॅकवर 'कॅट -ईटी'). जिथे खरा टॅब आहे तिथे ^ चिन्ह आणि मोठा आय दिसेल. ओळीच्या शेवटी ^ आणि मोठा एम दिसला तर फाइल विंडोज पद्धतीने सेव्ह झाली आहे. एडिटरमध्ये ओळीचा शेवट 'एलएफ' करून पुन्हा सेव्ह करा.

कृतीबद्दल आणखी एक. प्रत्येक ओळ स्वतंत्र शेलमध्ये चालते. एका ओळीत 'सीडी' करून फोल्डर बदललं तर पुढच्या ओळीला त्याचा पत्ताच नसतो. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत && ने जोडा. आणि शेलचं डॉलर चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहा, एकटं डॉलर मेक स्वतःकडे घेतो.

## ४. मेक खरं बोलतोय का ते तपासा

'मेक' चालवलं, प्रोग्राम बनला, म्हणजे झालं असं नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती मी प्रत्येक नव्या मेकफाइलवर करतो.

पहिली गोष्ट: लगेच दुसऱ्यांदा 'मेक' चालवा. 'बचत इज अप टू डेट' एवढंच आलं पाहिजे. पुन्हा काहीतरी कंपाइल झालं तर कुठल्यातरी नियमात पदार्थाचं नाव एक आहे आणि कृती दुसऱ्याच नावाची फाइल बनवते आहे.

दुसरी: 'टच व्याज.सी' करा. टच फाइलमध्ये काही बदलत नाही, फक्त तिची वेळ आत्ताची करतं. मग 'मेक -एन' चालवा. -एन म्हणजे काय करणार ते सांग, करू नकोस. दोनच ओळी दिसल्या पाहिजेत: व्याज.सीचं कंपाइल आणि शेवटचं लिंक.

तिसरी, आणि खरी परीक्षा: 'मेक' करून घ्या, मग 'टच सभासद.एच', मग पुन्हा 'मेक -एन'. पायरी १ मधला कागद समोर ठेवा. सभासद.एच कोण घेतं? मेन.सी आणि सभासद.सी. म्हणजे या दोघांचं कंपाइल आणि लिंक, एकूण तीन ओळी. कमी दिसल्या तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

## ५. हेडरचं साहित्य: इथेच बहुतेक मेकफाइली फसतात

वरच्या मेकफाइलमध्ये मी मेन.ओच्या साहित्यात दोन्ही हेडर लिहिले. समजा लिहिले नसते, 'मेन.ओ: मेन.सी' एवढंच ठेवलं असतं. मला दाखवायला आणलेल्या दहातल्या सहा-सात मेकफाइली तशाच असतात. काय होतं ते जवळून पाहू.

सभासद.एचमध्ये एक स्ट्रक्ट आहे. त्यात एक इंट क्रमांक आणि एक डबल जमा. ६४-बिट लिनक्सवर इंटला ४ बाइट, मग डबल ८ च्या पटीत यावा म्हणून ४ बाइट रिकामे, मग डबलचे ८. एकूण १६ बाइट, आणि जमा सुरू होते आठव्या बाइटपासून. मेन.सीमध्ये अशा २० सभासदांचा अ‍ॅरे आहे, म्हणजे ३२० बाइटची जागा.

आता गटातल्या बायका म्हणतात, नुसता क्रमांक नको, नावही छापा. तुम्ही क्रमांक आणि जमेच्या मध्ये ४० अक्षरांचा नाव हा अ‍ॅरे घालता. सभासद.सीमध्ये नाव वाचायचा कोड लिहिता. मेन.सीला हात लावायची गरजच पडत नाही, कारण ती वाचण्याचं आणि छापण्याचं काम सभासद.सीवर सोपवते आणि फक्त जमेची बेरीज स्वतः करते.

'मेक' चालवता. सभासद.सी बदललेली आहे, ती कंपाइल होते. मेन.सी बदललेली नाही, आणि मेन.ओच्या साहित्यात हेडर नाही, म्हणून मेन.ओ जुनीच राहते. लिंक होतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. लिंकर फक्त नावं जुळवतो. स्ट्रक्टची मापं तो पाहत नाही.

आता प्रोग्राममध्ये एकाच स्ट्रक्टच्या दोन समजुती आहेत. सभासद.ओला वाटतं एक सभासद ५६ बाइटचा (४ + ४० + ४ रिकामे + ८) आणि जमा अठ्ठेचाळिसाव्या बाइटपासून. मेन.ओला अजून वाटतं १६ बाइट, जमा आठव्यापासून. मेनने ३२० बाइट राखले आहेत आणि सभासदचा कोड त्यात २० गुणिले ५६, म्हणजे ११२० बाइट लिहितो. उरलेले ८०० बाइट कुठल्यातरी दुसऱ्याच गोष्टीवर लिहिले जातात. आणि मेन पहिल्या सभासदाची जमा म्हणून जे बेरजेत धरतं ती तिच्या नावातली पाचव्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं असतात, डबल समजून वाचलेली.

कधी बेरीज भलतीच येते, कधी शून्य, कधी प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्ट देऊन बंद पडतो. डीबगरमध्ये बसून सभासद.सीची ओळ न्‌ ओळ तपासली तरी त्यात चूक सापडत नाही, कारण तिथे चूक नाहीच. मी स्वतः अशा एका दोषामागे दोन रात्री जागलो आहे. शेवटी वैतागून सगळ्या ऑब्जेक्ट फाइली पुसल्या, नव्याने बांधलं, आणि दोष नाहीसा झाला. 'क्लीन करून पुन्हा बांधलं की चालतं' असं कोणी म्हणालं की मी प्रोग्राम पाहत नाही, आधी मेकफाइल उघडतो.

हेडर हाताने लिहिणं हा उपाय पाच फाइलींपुरता ठीक आहे. उद्या सभासद.एचने आत आणखी एक तारीख.एच घेतला की तोही सगळीकडे लिहायचा, आणि कोणीतरी नक्की विसरणार. हे काम कंपायलरला द्या. कोणती फाइल कुठले हेडर घेते हे त्याला माहीतच असतं.

जीसीसी आणि क्लँग (हाही एक सी कंपायलर) दोघांनाही दोन पर्याय द्यायचे: -एमएमडी आणि -एमपी, दोन्ही मोठ्या लिपीत. पहिल्यामुळे कंपाइल होताना मेन.ओच्या शेजारी मेन.डी नावाची छोटी फाइल बनते. तिच्यात मेकला समजेल अशाच भाषेत लिहिलेलं असतं की मेन.ओचं साहित्य अमुक अमुक हेडर. कंपायलरसोबत आलेले हेडर त्यात येत नाहीत, आपलेच येतात. दुसऱ्या पर्यायाचं काम पुढे कळतं: एखादा हेडर तुम्ही काढून टाकलात की जुन्या .डी फाइलीत त्याचं नाव राहतं आणि मेक 'नो रूल टू मेक टार्गेट' म्हणून अडून बसतो. -एमपी असेल तर अडत नाही.

या .डी फाइली मेकफाइलमध्ये ओढून घ्यायच्या. कशा, ते पुढच्या पायरीत पूर्ण फाइलमध्येच पाहा.

## ६. व्हेरिएबल आणि एकच नियम

आता सगळं एकत्र. व्हेरिएबलची नावं आणि .फोनी मोठ्या लिपीत लिहितात, आणि -डब्ल्यूएक्स्ट्रामधलं पहिलं अक्षर मोठं. सीफ्लॅग्ज म्हणजे सी आणि फ्लॅग्ज जोडून, मध्ये जागा नाही. एलडीलिब्ज, सीपीपीफ्लॅग्ज तसंच. ही नावं मेकला आधीपासून ठाऊक आहेत, म्हणून मनाने वेगळी ठेवू नका.

    सीसी = जीसीसी
    सीपीपीफ्लॅग्ज = -एमएमडी -एमपी
    सीफ्लॅग्ज = -डब्ल्यूऑल -डब्ल्यूएक्स्ट्रा -जी
    एलडीलिब्ज = -एलएम
    ऑब्ज = मेन.ओ सभासद.ओ व्याज.ओ

    बचत: $(ऑब्ज)
    [टॅब]$(सीसी) $(एलडीफ्लॅग्ज) $^ -ओ $@ $(एलडीलिब्ज)

    %.ओ: %.सी मेकफाइल
    [टॅब]$(सीसी) $(सीपीपीफ्लॅग्ज) $(सीफ्लॅग्ज) -सी $< -ओ $@

    .फोनी: क्लीन
    क्लीन:
    [टॅब]आरएम -एफ बचत $(ऑब्ज) $(ऑब्ज:.ओ=.डी)

    -इन्क्लूड $(ऑब्ज:.ओ=.डी)

चिन्हं तीनच आहेत. $@ म्हणजे पदार्थ. $< म्हणजे पहिलं साहित्य. $^ म्हणजे सगळं साहित्य. कंपाइल करताना $< आणि लिंक करताना $^. उलट केलं की कंपाइलच्या कमांडमध्ये हेडर आणि मेकफाइलही घुसतात.

पॅटर्नच्या (% असलेल्या) नियमात साहित्य म्हणून मेकफाइल का? कारण उद्या सीफ्लॅग्जमध्ये बदल केलात तर मेकला ते कळत नाही, सी फाइली तर जुन्याच आहेत. मेकफाइल साहित्यात असली की तिच्यात काहीही बदललं तर सगळं नव्याने कंपाइल होतं. फक्त हे नाव फाइलच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. फाइलचं एम लहान आणि नियमातलं मोठं असेल तर लिनक्सवर मेकला ते साहित्य सापडत नाही. मग तो तुमचा नियम बाजूला ठेवून स्वतःचा ठरावीक नियम वापरतो, तेही न सांगता.

सावधान, शेवटची ओळ शेवटीच. इन्क्लूडची ओळ वर नेली तर मेकला भेटणारा पहिला पदार्थ मेन.ओ ठरतो. मग 'मेक' म्हटल्यावर फक्त मेन.ओ बनते आणि बचत बनतच नाही. इन्क्लूडच्या आधीची वजाची खूणही हवीच. पहिल्या वेळी .डी फाइली नसतात, आणि या खुणेमुळे मेक ते चालवून घेतो.

सावधान, जुन्या प्रोजेक्टमध्ये घालताना. आधीच बांधलेल्या .ओ फाइली असतील आणि त्यांच्या .डी फाइली नसतील, तर हेडरची माहिती मेककडे नाहीच. नवी मेकफाइल ठेवल्यावर एकदा 'मेक क्लीन' करून सुरुवात करा.

दोन चुका व्हेरिएबलच्या. 'सीफ्लॅग्ज = $(सीफ्लॅग्ज) -ओ२' असं लिहिलं (ओ मोठा) तर मेक म्हणतो व्हेरिएबल स्वतःलाच बोलावतंय आणि थांबतो. भर घालायची तर += वापरा. दुसरी चूक जास्त वाईट आहे. व्हेरिएबलच्या ओळीवरच शेवटी # देऊन टिप्पणी लिहिली तर किंमत आणि # यांच्यामधल्या स्पेसही किंमतीत धरल्या जातात. आता कल्पना करा की फोल्डरचं नाव असं ठेवलंय आणि क्लीनमध्ये 'आरएम -आरएफ $(फोल्डर)/*' आहे. फोल्डरच्या नावानंतर जागा पडते आणि पुसायची आज्ञा जाते थेट अख्ख्या संगणकाच्या मूळ फोल्डरातल्या (/) सगळ्याला. टिप्पणी नेहमी वेगळ्या ओळीवर लिहा, आणि क्लीनमध्ये तारा वापरण्यापेक्षा नावं घेऊन पुसा.

सी फाइलींची यादी 'वाइल्डकार्ड' वापरून आपोआप गोळा करता येते. छोट्या प्रोजेक्टला मी ते सुचवत नाही. फोल्डरमध्ये 'मेन_जुनी.सी' पडलेली असते, तिच्यातही मेन फंक्शन असतं, आणि लिंकर दोन मेन सापडल्याची तक्रार करतो. तीन नावं हाताने लिहायला वेळ लागत नाही.

तपासा: पायरी ४ मधल्या तिन्ही चाचण्या पुन्हा करा. तिसऱ्या चाचणीत सभासद.एचला टच केल्यावर आता हेडरचं नाव कुठेही न लिहिता तीन ओळी आल्या पाहिजेत.

## ७. लिंकिंगमधल्या तीन एरर

'अनडिफाइन्ड रेफरन्स', आणि फंक्शन तुमचं स्वतःचं: ऑब्जच्या यादीत त्या फाइलचं नाव राहिलंय. एवढंच.

'अनडिफाइन्ड रेफरन्स टू पाव': गणिताची लायब्ररी नाही, किंवा चुकीच्या जागी आहे. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो. -एलएम आधी आलं तर त्या क्षणी पाव कोणालाच नको असतं, म्हणून तो ती लायब्ररी सोडून देतो. मग मागून व्याज.ओ येते आणि पाव मागते, पण तोवर उशीर झालेला असतो. उबुंटूवर हे हमखास होतं. म्हणून लायब्ररी एलडीलिब्जमध्ये, एलडीफ्लॅग्जमध्ये नाही, आणि कमांडच्या शेवटी.

'काल -एलएमशिवाय चालत होतं' असं ऐकलं तर त्यावर विश्वास ठेवा. काल पावमध्ये थेट आकडे लिहिलेले असतील. अशा वेळी जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढून ठेवतो आणि लायब्ररीची गरजच उरत नाही. आज त्या जागी व्हेरिएबल आलं आणि गरज पडली. मॅकवर तर -एलएम नसलं तरी चालतं, म्हणून मॅकवर लिहिलेला प्रोग्राम लिनक्सच्या लॅबमध्ये अडतो.

'मल्टिपल डेफिनिशन': हेडरमध्ये ग्लोबल व्हेरिएबल लिहिलंय. हेडर दोन सी फाइलींत गेला, व्हेरिएबल दोनदा बनलं. इफएनडेफचं कुंपण इथे कामाला येत नाही, ते एकाच सी फाइलीत दोनदा येण्यापुरतं असतं. हेडरमध्ये 'एक्सटर्न' लिहा आणि खरं व्हेरिएबल एकाच सी फाइलीत ठेवा. किंमत न दिलेलं असं व्हेरिएबल जुने जीसीसी चालवून घेत. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ते बंद झालं. त्यामुळे जुन्या नोट्समधले प्रोग्राम आज अडतात.

## ८. क्लीन आणि समांतर बांधणी

.फोनीची ओळ (फोनी मोठ्या लिपीत) मेकला सांगते की क्लीन ही फाइल नाही, नुसतं कामाचं नाव आहे. ती नसेल आणि कधी फोल्डरात क्लीन नावाची फाइल तयार झाली, तर मेक म्हणेल क्लीन अप टू डेट आहे आणि काहीच पुसणार नाही.

'मेक -जे४' म्हणजे एका वेळी चार कामं. मोठ्या प्रोजेक्टला त्याने बराच वेळ वाचतो. माझ्या लेखी त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. साहित्यात काही लिहायचं राहिलं असेल तर एकेक काम करताना योगायोगाने क्रम जुळून जातो, आणि -जे दिल्यावर तो योगायोग मोडतो. 'मेक क्लीन' करा, ते संपल्यावर 'मेक -जे४'. अडलं तर -जे काढून टाकू नका, राहिलेलं साहित्य शोधा. 'मेक -जे४ क्लीन बचत' असं एकाच ओळीत मात्र देऊ नका, पुसणं आणि बांधणं एकाच वेळी सुरू होतं.

ऑब्जेक्ट फाइली वेगळ्या बिल्ड फोल्डरात ठेवायच्या असतील तर ते फोल्डर साहित्यात उभ्या दांड्यानंतर लिहा: 'बिल्ड/%.ओ: %.सी मेकफाइल | बिल्ड'. दांड्यानंतरचं साहित्य असलं पाहिजे एवढंच मेक पाहतो, त्याची वेळ पाहत नाही. दांडा नसेल तर आत नवी फाइल आली की फोल्डरची वेळ बदलते आणि विनाकारण सगळं पुन्हा कंपाइल होत राहतं.

## ९. अडलं तर

'मेक --ट्रेस' प्रत्येक कमांडआधी ती का चालवतोय ते सांगतो, कोणतं साहित्य नवं निघालं त्याच्या नावासकट. हे आवृत्ती ४.० पासून आहे, म्हणून मॅकच्या ३.८१ मध्ये मिळत नाही. तिथे 'मेक --डीबग=बी' वापरा.

'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' आलं तर एखाद्या फाइलची वेळ भविष्यातली आहे. लॅबच्या संगणकाचं घड्याळ पुढे असेल आणि तिथून फाइली आणल्या असतील तर असं होतं. घड्याळ बरोबर असल्याची खात्री करून सगळ्या सी आणि एच फाइलींना टच करा, मग क्लीन करून नव्याने बांधा. पेनड्राइव्हवर थेट काम करू नका. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइलची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदली जाते. झटपट बदल करून लगेच मेक चालवलं तर बदललेली फाइलही नवी दिसत नाही.

आणि कोणाला प्रोजेक्ट द्यायच्या आधी फक्त सी फाइली, एच फाइली आणि मेकफाइल एका कोऱ्या फोल्डरात कॉपी करा आणि तिथे 'मेक -जे४' चालवा. .ओ आणि .डी फाइली सोबत नेऊ नका. त्या कोऱ्या फोल्डरात बचत बनली आणि लगेच पुढच्या 'मेक'ला 'अप टू डेट' आलं, की ती मेकफाइल द्यायला हरकत नाही.